कोपरा फाटलेलं कार्ड

मी तिसरी शिकलो. चौथीत जाऊन बसलो होतो, पण बापानं दिवाळीआधीच नांगरामागं लावलं, म्हणून तिसरीच धरा. छापील अक्षर मला वाचता येतं. एस.टी.ची पाटी, दुकानाचा फलक, भिंतीवर रंगवलेलं उमेदवाराचं नाव, हे सगळं वाचतो. हातानं भरभर जोडून लिहिलेलं अक्षर मात्र मला कधी लागलं नाही. गावात हे कोणाला माहीत नव्हतं. कोणी पत्र वाचायला आणलं तर मी खिसा चाचपून म्हणायचो, "चष्मा घरी राहिला गा." माझ्याकडं चष्मा नव्हताच. बायकोला वाटायचं मी लोकांना टाळतो. मी तिचा तो समज तसाच राहू दिला.

बाकी मान होता. हंगामात तुमसरच्या राइस मिलवाले मला धान पारखायला बोलवत. दाणा दाताखाली धरून फोडला की मी सांगायचो, हा वाळला आहे, याला अजून दोन उन्हं पाहिजेत. शेठ लोक पोतं उघडायच्या आधी माझ्या तोंडाकडं पाहायचे. एकदा सांगितलं की मी शब्द फिरवत नसे, चुकलो तरी. लोक त्याला खरेपणा म्हणायचे आणि मीही तेच म्हणायचो.

मला एकच पोरगी. आणीबाणी उठून एखाद-दोन वर्षं झाली असतील, तेव्हा ती तुमसरला कॉलेजात बी.ए. करत होती. आमच्या गावातून कॉलेजात गेलेली पहिली पोरगी तीच. सकाळच्या गाडीनं जायची आणि संध्याकाळच्या गाडीनं यायची. लोक म्हणायचे, पोरगी शिकवून काय करता जी, शेवटी चूलच फुंकायची. मी म्हणायचो, माझी पोरगी आहे, चूल फुंकायची का फोन उचलायचा ते मी पाहीन.

फोनचं बोलायचं कारण असं की त्या कॉलेजात जिन्याखाली एक खोली होती. दारावर पाटी होती, 'विद्यार्थी मार्गदर्शन'. तिच्या प्रवेशाच्या वेळी मी ती स्वतः वाचली होती. तिथं एक सर बसायचे. त्यांना त्या कामाचा जास्तीचा पगार नव्हता, असं पोरगी सांगायची. तास सुटले की इंग्रजीत कच्च्या असलेल्या पोरापोरींना ते तिथं बसवायचे, वर्तमानपत्रातल्या नोकरीच्या जाहिराती कापून पुठ्ठ्यावर चिकटवायचे, फॉर्म भरून घ्यायचे. मुलाखतीचा सराव द्यायचे. त्यासाठी पोरांना दाराबाहेर उभं करायचे आणि कसं आत यायचं, कुठं पाहायचं, विचारल्याशिवाय बसायचं नाही, हे शिकवायचे.

पोरगी घरी तोच सराव करायची. आंगणातून दारात येऊन उभी राहायची आणि म्हणायची, "मे आय कम इन, सर?"

आतून तिची आई म्हणायची, "ये वो माय, ये. अन् येताना पाटा धुऊन आन, चटणी वाटाची हाय."

"आई, असं नाही म्हनत. 'या, बसा' म्हनाचं."

"बसशील तं चटणी कोन वाटल?"

मी खाटेवरून सगळं ऐकायचो. हसायचो नाही, पण बरं वाटायचं.

त्या वर्षी नागपूरच्या टेलिफोन ऑफिसात पोरींसाठी जागा निघाल्या. सरांनी तिचा फॉर्म भरून घेतला. तिचा आवाज स्वच्छ आहे, ती घाबरत नाही, हे काम तिलाच मिळेल, असं ते म्हणाले. फॉर्मवर पत्ता कॉलेजचा दिला, कारण आमच्या गावात टपाल रोज येत नसे. सरांची एक पद्धत होती. प्रत्येक पोराकडून ते दोन कोरी पोस्टकार्डं घेऊन ठेवत. त्यावर घरचा पत्ता पोरानं आपल्याच हातानं लिहायचा. सुट्टीत काही निरोप आला की सर मागं चार ओळी लिहून कार्ड टपालात टाकायचे. ही सगळी कार्डं खोलीत एका उभ्या तारेला खोचलेली असत, ऑफिसात बिलं खोचतात तशी.

हे मला आज माहीत आहे. तेव्हा माहीत नव्हतं.

दिवाळीची सुट्टी होती. धान कापणीला आलेला. पोरगी आणि तिची आई बोडीकडच्या, म्हणजे शेततळ्याकडच्या, बांधीत कापत होत्या आणि मी खळं सारवायच्या तयारीत होतो. पोस्टमन सायकल हातात धरून धुऱ्यावरून आला आणि कार्ड माझ्या हातात दिलं. देताना त्यानं मान खाली घातली. कार्डाचा कोपरा फाटलेला होता.

आमच्याकडं मयताच्या पत्राचा कोपरा फाडून पाठवतात. हातात घेतल्याबरोबर माणसाला कळलं पाहिजे म्हणून. तसं कार्ड घरात नेत नाहीत. उंबऱ्याबाहेर वाचायचं, वाचून फाडायचं, अंगावर पाणी घ्यायचं आणि मग घरात पाऊल टाकायचं. घरात ठेवलं तर दुसरं मयत ओढवतं, असं आमची म्हातारी माणसं सांगत आली.

पोस्टमन तिथंच उभा राहिला. मी कार्ड डोळ्यांसमोर धरलं. पत्त्यात माझं नाव होतं. आपलं नाव कसंही लिहिलं तरी ओळखू येतं. मागं पाच-सहा ओळी होत्या, सगळ्या जोडून लिहिलेल्या. त्यात एकच शब्द वेगळा, मोठ्या अक्षरात लिहून खाली रेघ मारलेला होता. तो मला लागला. 'ताबडतोब.'

"कोनाची खबर जी?" पोस्टमननं विचारलं.

"सासूची," मी म्हणालो.

माझी सासू लाखांदूरकडं राहायची. वय झालेलं, वर्षभर खोकत होती. कोपरा फाटलेला, ताबडतोब निघा म्हणतात, मग दुसरं कोण असणार? मी अंदाज केला आणि तो तोंडातून बाहेर पडल्याबरोबर माझ्यासाठी खरा झाला. पोस्टमनला एवढंच म्हणता आलं असतं, "वाच बरं गा, माझं डोकं चालत नाही." तो म्हातारा झाला असता तरी त्यानं ते कोणाला सांगितलं नसतं. पण मी तसं म्हणालो नाही. वाचल्यासारखे डोळे ओळींवरून फिरवले, मान हलवली आणि कार्डाचे चार तुकडे करून बोडीच्या पाण्यात टाकले. मग कपड्यांसकट बुडी मारली.

ओला होऊन बांधीवर गेलो तर बायको म्हणाली, "काय झालं जी, असे चिंब कसे?"

"पाय घसरला."

मायघरच्या मयताची खबर बाईला वाटेत देत नाहीत. आई जास्त आजारी आहे, चला, एवढंच म्हणतात. मीही तेच म्हणालो. तुमसरहून कोणी निरोप दिला म्हणालो. तिनं विळा तिथंच टाकला. पोरीनंही टाकला, आजीवर तिचा जीव होता. कापणी अर्धी टाकून दुपारच्या गाडीनं आम्ही निघालो. भंडाऱ्याला गाडी बदलली, पवनीला बदलली. बायको पदरात तोंड घालून बसली होती आणि मी मनात म्हणत होतो, रडू दे, हलकी होईल.

सासूच्या गावी पोचलो तर म्हातारी दारात बसून सुपात लाखोळीची डाळ निवडत होती.

बायको तिच्या गळ्यातच पडली. म्हातारी घाबरली, मग हसायला लागली. "काय झालं वो? मले काई नाई झालं. थोडा खोकला हाय." मग माझ्याकडं पाहून म्हणाली, "का जी जावई, माह्या मरनाची वाट पाहून राहिले का? लुगडं आनलं असन तं देऊन द्या, जितेपनीच नेसतो."

सगळे हसले. पोरगी सगळ्यांत जास्त हसली. मीही हसलो. म्हणालो, निरोप देणाऱ्यानं काहीतरी चुकीचं सांगितलं वाटते. मग ते कार्ड कोणाचं, हा प्रश्न तेव्हा पहिल्यांदा मनात आला, पण मी तो दाबला. म्हातारीनं तीन दिवस सोडलं नाही. वडे केले, कोंबडी कापली.

सुट्टी संपून पोरगी कॉलेजात गेली, ती त्या संध्याकाळी तोंड सुजवून परत आली. जेवायला बसलो तेव्हा तिनं सांगितलं. नागपूरची मुलाखत होऊन गेली होती. सर तिच्यासाठी तुमसरच्या स्टँडवर उभे राहिले, तिच्यासाठी दोन गाड्या सोडल्या आणि मग बाकीच्या दोघी पोरींना घेऊन गेले. त्या दोघी लागल्या.

"मी म्हटलं, सर, मले तं कार्डच नाही आलं. तं सर म्हनाले, मी सोता टपालात टाकलं. पत्ता तुह्याच हाताचा होता. घाईघाईत तारेवरून ओढलं तं कोपरा फाटला, म्हनून चांगलं ध्यानात हाय, म्हने."

मी पाण्याचा तांब्या जवळ ओढला.

बायको म्हणाली, "अगं बाई, कोपरा फाटलेलं पत्र टाकते का कोनी? त्या मास्तरले कोनी सांगितलं नाही का?" मग माझ्याकडं वळून म्हणाली, "तुमच्या हाती नाही ना आलं जी काही?"

पत्ता माझ्या पोरीच्या हाताचा होता. तिनं लिहिलेलं माझं नाव मी वाचलं होतं आणि तिचं अक्षर मला ओळखू आलं नव्हतं. घरात रोज कंदिलाजवळ बसून लिहायची ती. मी कधी वाकून पाहिलं नव्हतं.

त्या वेळेला बोललो असतो तर? पण बोलायचं म्हणजे सगळंच बोलावं लागलं असतं. की मला हातचं अक्षर वाचता येत नाही. की तुझ्या आईला मी भंडाऱ्यापासून लाखांदुरापर्यंत फुकट रडवलं. की धान अर्धा बांधीत झडला तो माझ्यामुळं. मी म्हणालो, "मह्या हाती कोनतंच पत्र नाही आलं."

पोरीनं मान हलवली. तिला तेवढं पुरे होतं.

चारेक दिवसांनी सर स्वतः सायकलनं आमच्या गावी आले. सडपातळ माणूस, विजारीच्या पायाला चिमटे लावलेले. आंगणात उभे राहून त्यांनी नमस्कार केला आणि पिशवीतून एक कागद काढला.

"काका, मी टेलिफोन ऑफिसात भेटून आलो. ज्या घरच्या अडचणीमुळे आल्या नाहीत त्यांची मुलाखत ते पुढच्या आठवड्यात घेणार आहेत. या कागदावर फक्त एवढं आहे की कळवल्याचं कार्ड मिळालं, पण घरात अडचण होती. पालक म्हणून तुम्ही सही करा. मी तिला स्वतः घेऊन जातो."

एक सही. सही मला येते. तिसरीतच शिकलो ती.

"कार्डच आलं नाही तं मिळालं म्हनून कसा लिहून देऊ?" मी म्हणालो.

सर हळूच म्हणाले, "मला वाटेत पोस्टमन भेटले. ते म्हणतात, तुमच्या हातात दिलं. काका, काही झालं असेल तर मला सांगा. मी कोणाला बोलणार नाही. मला फक्त तिचं काम व्हायला पाहिजे."

त्या माणसानं मला वाट काढून दिली होती. आता समजतं. तेव्हा मला एवढंच ऐकू आलं की दोन माणसांनी मिळून माझी चौकशी केली.

"पोस्टमन खोटा हाय," मी म्हणालो. "अन् तुमी मह्या आंगनात उभे राहून मले खोटं ठरवून राहिले. तुमी कळवलंच नाही, तसं लिहा. मी सही करतो."

"मी कळवलं आहे, काका. न कळवल्याचं मी कसं लिहू?"

तेव्हा पोरगी दारात आली. सरांसमोर जी कधी मान वर करत नसे, तिचा आवाज चढला. "सर, बाबा नाही म्हनतात म्हनजे नाही आलं. माहे बाबा खोटं नाही बोलत, सगळ्या तुमसरले माहीत हाय. त्या दोघी तुमच्या लाडाच्या होत्या, म्हनून मले नाही बोलावलं. आता लपवाले हे कागद आनून राहिले. खोटं तुमी बोलून राहिले."

सरांचं तोंड उतरलं. त्यांनी एकदा माझ्याकडं पाहिलं. मी त्यांच्या सायकलीकडं पाहत होतो. बायको पाण्याचा गडवा घेऊन आली होती, मी तिला डोळ्यांनी आत पाठवलं. आमच्या घरून माणूस पाण्याशिवाय गेला, तो तेवढा एकच. सरांनी कागदाची घडी केली, तिला म्हणाले, "परीक्षेचा अभ्यास सोडू नकोस," आणि सायकल वळवली.

ती त्या खोलीत परत गेली नाही. बी.ए. झाली कशीबशी, इंग्रजीत काठावर. दोन वर्षांनी भंडाऱ्याजवळच्या शहापूरला लग्न करून दिलं. जावई चांगला आहे, त्याचं किराण्याचं दुकान आहे. ती दुकान सांभाळते, घर सांभाळते. मी जायचो तेव्हा पहिला गरम भात मला वाढायची. लोकांना सांगायची, आमच्या बाबांचा शब्द म्हणजे शब्द. तो भात मी खाली मान घालून खायचो.

आठ-नऊ वर्षं अशी गेली. एकदा गेलो तर जावई म्हणाला, "मामाजी, गावात बालवाडीची जागा निघाली. तुमी तरी सांगा यांले, फॉर्म भरा म्हनून."

ती भांडी घासत होती. मागं न वळता म्हणाली, "मले कोन घेते? मह्यात काही असतं तं सरनं तवाच नसतं का बोलावलं?"

इतकी वर्षं तिनं हे धरलं होतं. सर लबाड होते असं तोंडानं म्हटलं, पण आत तिनं वेगळंच धरलं होतं, की आपणच कामाच्या नव्हतो. मला तिथं बसवेना.

जावई दुकानात गेल्यावर मी तिला सांगितलं. कार्ड, बोडी, सासू, सगळं. छापील तेवढं येतं, हातचं अक्षर वाचता येत नाही, हेही सांगितलं. तिनं हातातला भाताचा गंज खाली ठेवला.

"तुमाले कवा समजलं बाबा?"

"तू आली त्याच दिवशी. जेवताना."

"मंग सर आले तवा तुमाले माहीत होतं."

"हो."

तिनं राखेचे हात धुतले. मला वाटलं ओरडेल. ओरडली असती तर बरं झालं असतं. ती म्हणाली, "काय लिहिलं होतं त्याच्यात?"

मी म्हणालो, एक शब्द लागला होता, ताबडतोब. बाकीचं मला नाही येत.

"पाच-सहा ओळी होत्या म्हनता ना. एवढं काय लिहिलं असन सरनं?"

पुढं ती रडली, पण नोकरीसाठी नाही. "मी सरले आपल्या आंगनात खोटं म्हटलं बाबा. पानीबी नाही पाजलं." मग तिनं डोळे पुसले आणि म्हणाली, "जा अन् त्याहिले सांगून या. जसं मले सांगितलं तसंच."

दुसऱ्या दिवशी मी तुमसरला गेलो. जिन्याखालच्या खोलीला कुलूप होतं, काचेतून जुने बाक एकावर एक रचलेले दिसत होते. ऑफिसातल्या क्लार्कनं सांगितलं, सर वारले, दोन वर्षं झाली, पोटाचा आजार होता. मी तिथंच बाकावर बसलो. क्लार्कनं विचारलं, "तुमचं काही काम अडलं होतं का?" मी म्हणालो, हो.

तिथून सरळ शहापूर गाठलं. आधी स्टँडवर परतीची गाडी पाहून घेतली आणि मग तिच्या घरी गेलो. सर वारले हे सांगितलं. सांगायचं होतं ते सांगता आलं नाही, हेही सांगितलं. ती "बरं" म्हणाली. भात वाढला. फॉर्मचं मी काढलं तर म्हणाली, तारीख गेली.

निघताना तिनं विचारलं, गाडी कधी आहे. मी म्हणालो, चारला, आताच पाटी वाचून आलो. ती हो म्हणाली. मग चप्पल घालून शेजारच्या बाईकडं गेली आणि मी ओसरीत बसून ऐकत होतो, ती विचारत होती, "का हो बाई, तुमसरची गाडी किती वाजता हाय?"